पोच आणि नोंद

लामत्याला आमच्या मामांच्या दुकानात दोन वह्या असत, एक कच्ची आणि एक पक्की. गिऱ्हाईक समोर उभे असताना मामा कच्च्या वहीत भराभर लिहीत : नाव, रक्कम, बस्स. रात्री दुकान बंद झाले की दिव्याखाली बसून ते कच्चीवरून पक्कीत उतरवीत. ओळ पक्कीत गेली की कच्च्या वहीत तिच्यावर एक बारीक तिरकी रेघ मारायची. रेघ नाही तोवर नोंद नाही, असा त्यांचा कायदा. पुढे पक्क्या वहीची जागा संगणकाने घेतली, पण कच्ची वही आणि ती तिरकी रेघ मात्र राहिली.

रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक आम्ही वाणिज्य शाखेची मुले गुणांसाठी पाठ करतो. मीही केला होता. त्याचा खरा अर्थ मला शिकवला तो एका हार्ड डिस्कने, आणि तोही मामांचे नुकसान करून. ती हकीगत सांगायची म्हणजे माझ्याच मूर्खपणाची जाहिरात करायची. पण इतरांना उपयोग होईल म्हणून सांगते.

आईचे माहेर लामत्याचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीत मध्य प्रदेशात गेले आणि नोकरी संपल्यावरही तिथेच राहिले. निपाणीहून कोल्हापूर गाठायचे, महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट गोंदियाला उतरायचे, तिथून बालाघाट आणि मग लामता. निपाणीत उंबरठा ओलांडला की कानडी, लामत्यात उंबरठा ओलांडला की हिंदी. मराठी दोन्हीकडे घरात. मामांचे दुकान किराणा, बियाणे आणि खतांचे. गिऱ्हाईक बहुतेक धानाचे शेतकरी. पेरणीला उधारीने न्यायचे आणि धान विकले की फेडायचे, अशी रीत. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे दुकानात वसुलीची गर्दी असते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा मामांचा संगणक अगदी रडकुंडीला आला होता. बारा-तेरा वर्षांचे यंत्र, त्यात विंडोज ७. तिचा आधार कंपनीने जानेवारी २०२० मध्येच काढून घेतला; पण यंत्राला इंटरनेट जोडलेले नव्हते, म्हणून मामांचे काही अडत नव्हते. अडत होते ते वेगाचे. सकाळी कळ दाबून मामा अंघोळीला जात आणि परत येईतो पडद्यावरचे चक्र फिरतच असे. मी म्हटले, "मामा, मी बघते." बी. कॉम.च्या मुलीने डबा उघडलेला पाहून मामी म्हणाली, "अगं, हे तुमच्या अभ्यासात आहे का?" नव्हते. पण विज्ञान शाखेतली एक मैत्रीण आणि पुष्कळ रिकामा वेळ, एवढे भांडवल मजपाशी होते.

डबा उघडला तर हार्ड डिस्कला बोटाएवढ्या रुंदीची एक तांबडी चपटी तार लावलेली. मला आठवत होती ती आमच्या शाळेच्या संगणकातली रुंद, करड्या फितीसारखी तार. तिच्यात ४० टोके असत आणि ती खोक्यात अशी पसरलेली असे की हवाही खेळू नये. मामांना हा फरक समजावून सांगताना मला एकदम लामत्याची जुनी गाडी आठवली.

मी लहान असताना बालाघाटपर्यंत मोठी गाडी येई आणि पुढे लामता, नैनपूरकडे छोटी. मोठीच्या रुळांत १६७६ मिलीमीटरचे अंतर, छोटीच्या ७६२. बालाघाटला सगळे उतरायचे. पेट्या, पोती, कोंबड्यांची खुराडी, सारे एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर. दोन्ही गाड्या आपापल्या परीने बऱ्या धावत. वेळ जाई तो ह्या मधल्या फलाटावर. २०१५ मध्ये छोटी गाडी बंद झाली आणि आता रुंद रूळ लामत्यावरून जातात. संगणकातही एका बाजूला यंत्राचा मेंदू आणि दुसऱ्या बाजूला हार्ड डिस्क. त्यांच्यामधला जो फलाट, त्यालाच इंटरफेस म्हणतात. माल कसा द्यायचा, कसा मोजायचा, पोच कधी द्यायची, याचे सगळे नियम तिथे ठरलेले असतात.

ह्या फलाटाचा इतिहास फार जुना नाही. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क विकायला आणली तेव्हा तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि मावत होती ५० लाख अक्षरे. टेबलावरच्या संगणकात डिस्क आल्यावर १९८६ च्या सुमारास तिचे नियंत्रण करणारा भाग डिस्कच्याच अंगावर बसवण्याची युक्ती निघाली. ती आयडीई. आमच्या शाळेतली करडी फीत तिचीच. त्या फितीतून एका वेळी १६ तारांवरून १६ कण जात. कागदावर हे फार झकास दिसते. पण बांधावरून सोळा जणींनी हातात हात घालून धावायचे ठरवले तर काय होईल? एक मागे राहिली की सगळ्या अडल्या. वेग वाढवला तसे एका तारेतले बोलणे शेजारच्या तारेत ऐकू येऊ लागले. मग मध्ये मध्ये गप्प बसणाऱ्या तारा घालून फीत ८० तारांची केली. सेकंदाला १३३ मेगाबाइटच्या पुढे ती काही गेली नाही.

तेव्हा २००३ च्या सुमारास सोळा जणींची रांग मोडून एकीलाच जोरात पळवायचे ठरले. ही साटा. मामांच्या संगणकातली तांबडी तार तीच. आत फक्त सात वाहक, त्यांतले तीन नुसते जमिनीचे. जाण्याची एक जोडी, येण्याची एक जोडी. पहिल्या पिढीत सेकंदाला १५० मेगाबाइट, मग ३००, मग ६००. तार लहान झाली आणि वाट मोठी झाली. मामा हसून म्हणाले, "म्हणजे आमच्या गाडीच्या उलटंच की!"

इथवर माझे ज्ञान निर्मळ होते. बिघाड झाला तो पुढच्या हुशारीने.

मैत्रिणीने फोनवर सांगितले की पुष्कळ जुन्या यंत्रांत डिस्क साटाची असते, पण यंत्राला ती आयडीईच आहे असे भासवून ठेवलेले असते. विंडोज एक्सपीला नवी रीत ठाऊक नव्हती, म्हणून ही सोय. म्हणजे रूळ रुंद झाले तरी गाडी छोटीच्याच वेळापत्रकाने चाललेली. ते भासवणे बंद करून एएचसीआय ही रीत चालू केली की डिस्कचे खरे गुण बाहेर येतात. त्यातला मोठा गुण म्हणजे एनसीक्यू.

एनसीक्यू म्हणजे काय ते मला मामांच्या दुकानातच दिसले. समोर पाच गिऱ्हाइके. एकाला मीठ, दुसऱ्याला युरिया, तिसऱ्याला गूळ. नवशिका नोकर एकाचे ऐकून मागच्या खोलीत जातो, वस्तू आणतो, मग दुसऱ्याचे ऐकतो. मामा पाचही जणांचे ऐकून घेतात आणि मागच्या खोलीत एकच फेरी मारून, वाटेत जे जसे लागेल तसे उचलून आणतात. मागितले कोणी आधी, मिळाले कोणाला आधी, याला महत्त्व नाही. फेरी एकच झाली पाहिजे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते. एक फेरा सुमारे ८ सहस्रांश सेकंदांचा. हवी ती जागा सुईखालून निसटली तर पुढच्या फेऱ्याची वाट पाहायची. आपल्याला हे क्षणाहूनही कमी, पण यंत्राच्या हिशेबी हा काळ फार मोठा. एनसीक्यूमध्ये डिस्क एका वेळी ३२ हुकूम ऐकून घेते आणि आपल्या सोयीने त्यांचा क्रम लावते.

मैत्रीण एरवी माझ्याशी मराठीत बोलते, पण महत्त्वाचे असले की तिला कानडीच सुचते. "मोदलु बॅकअप तगो," ती म्हणाली. मी तिचे ऐकले; त्या दुपारपर्यंतच्या हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. साऱ्या प्रकरणात मी केलेली ही एकमेव शहाणी गोष्ट.

मग मी यंत्र चालू होतानाच्या निळ्या पाटीत जाऊन आयडीईचे एएचसीआय केले. विंडोजने तत्काळ निळा पडदा दाखवून शेवटी ७बी असलेला एक आकडा फेकला आणि बंद पडली. मामींचा चेहरा पाहवेना. पण हे ठरलेलेच होते : जी रीत बसवताना वापरली नाही, तिचा चालक विंडोज ७ झोपवून ठेवते. परत आयडीई केले, रजिस्ट्रीत त्या चालकाच्या नावापुढचा आकडा बदलून त्याला जागे केले, पुन्हा एएचसीआय केले. यंत्र सुरू झाले! त्या रात्री मला दोन घास जास्त गेले.

खरे सांगायचे तर वेगात फारसा फरक पडला नव्हता. आज कारण कळते. मामांच्या दुकानात संगणकावर बसणारा माणूस एक आणि नोंद एका वेळी एक. समोर गर्दीच नाही तर बत्तीस हुकूम ऐकण्याच्या गुणाचा उपयोग काय? पण तेव्हा ते मान्य करायला मन तयार नव्हते. म्हणून मी आणखी शोधाशोध केली आणि डिस्कच्या गुणधर्मांत दोन चौकोन सापडले. पहिल्यात खूण आधीच होती. तिचा अर्थ, डिस्कने आपल्या अंगच्या छोट्या स्मरणात लिखाण धरून ठेवावे आणि सवडीने तबकडीवर उतरवावे. मामांच्या डिस्कमध्ये हे स्मरण १६ मेगाबाइटचे होते. दुसरा चौकोन रिकामा होता. त्यात खूण केली की विंडोज डिस्कला "हातातले सगळे आधी तबकडीवर उतरव" असे मध्येमध्ये बजावते, ते बजावणे बंद होते. अर्थात काम जलद होते. त्याखाली इंग्रजीत एक लांब इशारा होता. मराठी माध्यमातून आल्यामुळे म्हणा की आळसाने, इंग्रजीचे लांब वाक्य दिसले की अर्धे वाचून उरलेले गृहीत धरायचे, ही माझी जुनी खोड. वीज गेली तरी डिस्कला पुरवठा चालू राहील अशी वेगळी सोय असेल तरच ही खूण करा, असे त्या उरलेल्या अर्ध्यात लिहिले होते. मामांच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच बसली होती.

मी खूण केली. आणि यंत्र खरोखरच चपळ झाले. नोंद करून कळ दाबावी तोच "जतन झाले" अशी पोच यावी! त्या भरात मी मामांना म्हटले, "आता ही कच्ची वही कशाला? एकच गोष्ट दोनदा लिहिता. सरळ संगणकावर टाका."

"काहून बंद करू?" मामा म्हणाले, "तिचं काय खाणं-पिणं लागते का?"

पण भाचीचा उत्साह मोडवेना म्हणून त्यांनी वही फळीवर ठेवली. दोन दिवस ऐन वसुलीचे गेले. शेतकरी येत, कनवटीचे पैसे मोजून देत, मी नोंद करी आणि मामा म्हणत, "जमा हो गया, दादा." वसुलीचे पैसे मामा वेगळ्या थैलीत ठेवतात, तेवढी एक जुनी सवय मी मोडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका नोंदीची पोच पडद्यावर आली आणि दुसऱ्याच क्षणी सारे लामता अंधारात गेले. तासाभराने वीज आली. यंत्राने बराच वेळ आपली तपासणी केली आणि ते सुरू झाले, पण हिशेबाची फाइल उघडेना. ती होती, तिचा आकारही होता. आतले मात्र विस्कटले होते. पेनड्राइव्हवरची प्रत निघाली, म्हणून मागची सारी वर्षे वाचली. गेले ते मधले दिवस. म्हणजे ज्या दिवसांत शेतकऱ्यांनी कर्ज फेडले आणि मामांनी वही लिहिली नाही, नेमके तेच. संगणकाच्या मते त्या सर्वांकडे अजून उधारी बाकी होती.

पुढे मी ह्या विषयावर वाचले तेव्हा झाले काय ते उमगले. त्या सात वाहकांच्या तारेतून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यासोबत एक ताळ्याचा आकडा जातो. वाटेत एक कण जरी बदलला तरी ताळा जुळत नाही आणि तुकडा परत मागवला जातो. अशा चुकांची मोजदादही डिस्क आपल्या प्रकृतीच्या नोंदीत बहुधा १९९ क्रमांकाखाली ठेवते. तो आकडा वाढला तर आधी डिस्कवर नव्हे, तारेवर संशय घ्यावा. एवढा कडक पहारा! पण हा पहारा आहे वाटेवर. माल फलाटावर सुखरूप पोचला, एवढेच तो सांगतो. फलाटावरून कोठारात गेला की नाही, हे तो सांगत नाही. डिस्कची "पोच" म्हणजे बहुतेक वेळा एवढेच, की माल माझ्या हातात आला. हातातला माल वीज गेली की नाहीसा होतो.

डिस्क खोटे बोलत नव्हती. तिला ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यास सांगितले होते, त्याचेच ती उत्तर देत होती. खरी नोंद हवी असेल तर ती मागण्याची सोय ह्याच इंटरफेसमध्ये आहे. एक हुकूम असा की हातातले सारे तबकडीवर उतरव, मग बोल. लिहिण्याच्या हुकमासोबत एक खूणही पाठवता येते : ही एक ओळ पक्की झाल्याशिवाय पोचच देऊ नकोस. क्रम बदलणाऱ्या डिस्कच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. हिशेबाच्या फाइलीत आधी पान लिहायचे आणि मग अनुक्रमणिकेत त्याचा आकडा टाकायचा, असा काही क्रम असतो. डिस्क आपल्या सोयीने उलटे करू शकते. मध्ये "आधी एवढे उतरव" असे बजावले म्हणजे क्रम टिकतो. विंडोज हे बजावत होती आणि मी तिचे तोंड बंद केले होते. मामांची तिरकी रेघ म्हणजे दुसरे काय होते? यंत्राची रेघ मी काढून टाकली आणि माणसाची रेघही.

त्या रात्री मामा रागावले नाहीत. तेच जास्त लागले. त्यांनी थैली ओतली आणि पैसे मोजले : २३,८५० रुपये. मग डोळे मिटून एकेक नाव सांगू लागले आणि मी कच्च्या वहीत लिहू लागले. कोण सायकलवरून आला, कोणाच्या कडेवर नातू होता, कोणी जुन्या मळक्या नोटा दिल्या म्हणून आपण थट्टा केली, असे आठवत आठवत २२,५०० रुपयांची नावे लागली. उरले १,३५०. त्यांचे नाव काही आठवेना. मला तर आठवण्यासारखे काहीच नव्हते. मी माणसांकडे पाहिलेच नव्हते, पडद्याकडे पाहात होते.

मी वाणिज्याची विद्यार्थिनी म्हणून सुचवले, "उचंत खात्यात टाकू." मामा म्हणाले, "टाक. पण ध्यानात ठेव, हे पैसे उचंत नाहीत. कोणीतरी आपल्याला दिलेत आणि आपण त्याला 'जमा' म्हटलंय. तो निश्चिंत होऊन घरी गेला. 'जमा' म्हटलं तेव्हाच आपण बांधलो गेलो."

दुसऱ्या दिवशी मी ती दुसरी खूण काढून टाकली. यंत्र पुन्हा थोडे मंद झाले. निपाणीला परतल्यावर शिष्यवृत्तीच्या पैशांतून यूपीएससाठी नवी बॅटरी घेण्यापुरते पैसे पाठवले. मामांनी ते परत पाठवले आणि बॅटरी स्वतः घेतली.

हल्ली नव्या संगणकांत फिरणाऱ्या तबकड्यांच्या जागी एसएसडी आली आहे आणि एनव्हीएमई नावाच्या नव्या रीतीत बत्तीस नव्हे, हजारो हुकमांच्या हजारो रांगा लागू शकतात. मामांच्या यंत्रालाही एक साधी साटाची एसएसडी बसवली असती तर माझ्या सगळ्या खटपटींहून जास्त गुण आला असता. कधीतरी बसवूही. पण तिथेही आधी हातात घ्यायचे आणि मग पक्के करायचे, हा प्रकार आहेच, आणि पक्के झाल्याची हमी मागण्याचा हुकूमही आहे. वेग वाढेल, फलाट बदलतील. पोच आणि नोंद यांमधली फट काही बुजत नाही. ती कोणीतरी जाणीवपूर्वक भरून काढावी लागते.

या जूनमध्ये पेरणीच्या वेळी मामांचा फोन आला. एक म्हातारे शेतकरी बियाणे न्यायला आले होते. संगणकावर त्यांच्या नावे मागची १,३५० बाकी दिसत होती. मामांनी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "पिछला तो चुकता है ना, सेठ?" पुरावा कोणापाशीच नव्हता. तेवढीच बाकी असलेले आणखी दोघे होते, आणि ते पैसे त्यांच्यापैकी कोणाचेही असू शकत होते.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारले.

"काय म्हणणार? चुकता म्हटलं. दुसरे दोघे आले आणि तसंच म्हणाले, तर त्यांनाही म्हणीन."

"मग नुकसान?"

"ते दुकानाच्या खर्चात टाक," मामा म्हणाले, "आणि कच्च्या वहीत रेघ मारलीय, बरं का."